खाली बाजार, वर शाळा

लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकातून लेस्टरच्या दिशेने निघालेली आगगाडी सुमारे तासाभराने एका लहान गावाच्या स्थानकावर पोहोचते. फलकावर नाव असते मार्केट हार्बरो. येथून लेस्टर अवघ्या पंधरा मिनिटांवर आहे. तेथील जैन मंदिराच्या दर्शनाला निघालेली कुटुंबे या गावाकडे सहसा गाडीच्या खिडकीतूनच पाहतात आणि पुढे जातात. वास्तविक, व्यापार हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय आहे आणि दान हा ज्यांचा नित्यधर्म आहे, अशा समाजाने अर्धा दिवस काढून येथे उतरावे, इतके या गावात पाहण्यासारखे आणि त्याहून अधिक विचार करण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये ‘मार्केट टाउन’ हा गावांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो. मध्ययुगात बाजार भरविणे ही कोणीही उठून करावी अशी गोष्ट नव्हती. त्यासाठी अधिकार लागत असे. ज्या गावाला तो अधिकार लाभला, तेथे आसपासच्या खेड्यांतील लोणी, धान्य, लोकर आणि जनावरे येऊ लागली आणि त्या एका दिवसाच्या गर्दीभोवती सराया, कारागिरांची घरे व देवालये उभी राहिली. मराठी मुलखातील ‘कसबा’ आणि ‘पेठ’ या शब्दांत जो अर्थ सामावला आहे, त्याच्या पुष्कळ जवळ जाणारी ही कल्पना आहे. लेस्टरशायर परगण्याच्या दक्षिण सीमेवर, वेलंड नदीच्या काठी वसलेल्या या गावात १२०४ पर्यंत बाजार सुरू झालेला होता आणि १२२१ पासून तो मंगळवारी भरत आला आहे. राजे बदलले, धर्मपंथ बदलले, वाहतुकीची साधने बदलली. आठवड्याचा वार मात्र आठशे वर्षे तोच राहिला.

या बाजाराची खूण गावाच्या रचनेत आजही स्पष्ट दिसते. मुख्य रस्ता, म्हणजे हाय स्ट्रीट, एवढ्याशा गावाला न शोभण्याइतका रुंद आहे, कारण एके काळी रस्ता हाच बाजार होता. दोन्ही बाजूंना अठराव्या शतकातील विटांच्या नेटक्या, सरळ रेषेतील इमारती आहेत. त्यांच्या मधून अरुंद बोळ आत जातात आणि पाठीमागच्या लांबट आवारांत उघडतात. या आवारांत पूर्वी माल तयार होई आणि साठविला जाई. पुढे दुकान, मागे कारखाना व कोठार, अशी ही व्यवस्था होती. ‘थ्री स्वान्स’ या जुन्या सराईवरील घडीव लोखंडाची नक्षीदार पाटी अजून रस्त्यावर झुकलेली आहे. लंडन आणि उत्तरेकडील शहरे यांच्या दरम्यान धावणाऱ्या घोडागाड्या ज्या काळी येथे थांबत, त्या काळाची ती साक्षीदार आहे.

रस्त्याच्या मध्यावर सेंट डायोनिसियस या चर्चचा करड्या दगडाचा उंच मनोरा थेट फरसबंदीतून वर उठतो. इंग्लंडमधील जुन्या चर्चभोवती प्रायः दफनभूमी असते; येथे ती नाही. हे चर्च शतकानुशतके जवळच्या सेंट मेरी इन आर्डन या चर्चचे उपालय होते, म्हणून गावाचे दफन तिकडे होई आणि येथे देवालयाला लागूनच बाजार भरे. आजही मनोऱ्याच्या पायथ्याशी माणसे पिशव्या ठेवून बोलत उभी असतात.

चर्चच्या शेजारी जी लहानशी इमारत उभी आहे, तीच या गावाची खरी ओळख. काळ्या लाकडी चौकटीचे आणि पांढऱ्या गिलाव्याचे हे एकच दालन जाडजूड लाकडी खांबांवर पेललेले आहे. खालचा भाग चारी बाजूंनी मोकळा. ही १६१४ मध्ये बांधलेली जुनी ग्रामर स्कूल. तिचा दाता रॉबर्ट स्मिथ हा याच गावचा. लंडनला जाऊन त्याने नगरप्रशासनात मोठ्या हुद्द्यापर्यंत मजल मारली आणि हाती पैसा आल्यावर जन्मगावी शाळा बांधून दिली. शाळा बांधणारे धनिक इंग्लंडमध्ये पुष्कळ झाले. स्मिथची थोरवी त्याच्या आराखड्यात आहे. शाळा जमिनीवर न बांधता त्याने ती खांबांवर उचलली, कारण खालच्या जागेत बाजाराला आलेल्या माणसांना पावसापासून आसरा मिळावा, अशी त्याची इच्छा होती.

इंग्लंडच्या पावसाची ज्याला कल्पना आहे, त्याला या इच्छेचे मोल कळेल. खेड्यातून टोपलीत लोणी घेऊन आलेल्या बाईला सबंध दिवस उघड्यावर उभे राहावे लागे. ओल्या लोण्याला गिऱ्हाईक नाही आणि न विकता परत जाणे परवडणारे नाही. त्या बाईच्या डोक्यावर छत असावे, हा विचार ज्ञानदानाचा संकल्प करताना दात्याला सुचला आणि एकाच छपराने दोन कामे केली. खाली लोण्याचा बाजार, वर मुलांचे पाठांतर. खालच्या गजबजाटाने मुलांचे चित्त विचलित होत असेल, हे खरे; परंतु आपण ज्या फळ्यांवर बसून शिकतो, त्यांच्या खाली आपल्याच आईबापांसारखी माणसे कष्ट करीत आहेत, हेही त्यांना रोज ऐकू येत असेल.

ही शाळा येथे १८९२ पर्यंत भरत होती. तिच्या अखेरच्या पर्वातील एक विद्यार्थी म्हणजे विल्यम हेन्री ब्रॅग. आईच्या निधनानंतर १८६९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, तो आपल्या काकांकडे मार्केट हार्बरोला राहायला आला. काकांचे गावात औषधांचे दुकान होते. लोण्याच्या बाजारावरच्या या दालनात आरंभीचे धडे घेतलेल्या त्या मुलाने पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची अंतर्रचना उलगडण्याचे शास्त्र आपला मुलगा विल्यम लॉरेन्स याच्यासह उभे केले आणि १९१५ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक पितापुत्रांना मिळून देण्यात आले. तीन शतकांपूर्वीच्या दात्याला यातील काहीही ठाऊक असणे शक्य नव्हते. शास्त्रदानाचे फळ कोणाच्या ओंजळीत पडेल, हे देणाऱ्याला कळत नसते.

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. या चौकटीतून पाहू लागले की मार्केट हार्बरोचे चित्र एकरंगी राहत नाही. पहिल्या तीन दानांच्या खुणा या गावात सापडतात. चौथ्यापाशी मात्र पाहुण्याला थबकावे लागते.

हा परिसर उत्तम कुरणांचा. वेल्सच्या डोंगराळ भागातून पायी हाकत आणलेले गुरांचे कळप मध्य इंग्लंडच्या या गवतावर पोसले जात आणि लंडनसारख्या शहरांतील कत्तलीसाठी विकले जात. हार्बरोच्या रुंद रस्त्यावर, चर्चच्या आणि शाळेच्या समोरच, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जनावरांचा बाजार भरे. त्या सुंदर विटांच्या इमारतींमागे जी समृद्धी उभी आहे, तिचा मोठा वाटा या मुक्या प्राण्यांनी आपल्या जिवाने चुकविलेला आहे. याच कुरणांवर कोल्ह्याच्या शिकारीचा खेळ भरभराटीला आला. घोड्यांवर स्वार झालेले धनिक आणि पुढे धावणारी कुत्र्यांची टोळी एका कोल्ह्याचा मैलोगणती पाठलाग करीत. ‘फर्नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकारमंडळाची कुत्री गावाला लागूनच असलेल्या ग्रेट बोडन येथे पाळली जात. लाल डगले आणि कुत्र्यांची रांग यांची चित्रे आजही येथल्या परिसराची शोभा म्हणून भिंतींवर लावलेली आढळतात.

श्रावकाच्या मनाला हे पाहून क्लेश झाल्यावाचून राहत नाही. परंतु क्लेश झाला म्हणून पाठ फिरविणे हा पूर्ण दृष्टीचा मार्ग नव्हे. याच देशात, याच समाजाच्या पोटातून या क्रौर्याविरुद्ध आवाज उठत गेला. शिकार ही ग्रामजीवनाची परंपरा आहे, असे म्हणणारे आणि ती निव्वळ निर्दयता आहे, असे म्हणणारे यांच्यातील वाद अनेक वर्षे संसदेत आणि रस्त्यावर चालला. अखेर २००४ मध्ये कायदा संमत झाला आणि फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदी आली. गुरांचा बाजार तर त्याआधीच मुख्य रस्त्यावरून हटला होता. अभयदानाची वाट येथे लांबची आहे आणि ती अद्याप संपलेली नाही. कत्तलखाने आहेत, मांसाची दुकानेही आहेत. तरी एका प्राण्याच्या भयाचा विचार कायद्याने करावा, इतपत हा समाज चालत आला आहे, हेही तितकेच सत्य आहे.

अशाच एका अंतर्मुख बंडाची कथा या गावातून सुरू होते. १८३२ मध्ये लाकूडकाम करणारा एक तरुण बॅप्टिस्ट धर्मप्रचारक मार्केट हार्बरोला येऊन स्थायिक झाला. त्याचे नाव थॉमस कुक. त्या काळी मजुराच्या आठवड्याच्या कमाईचा मोठा भाग मद्यालयात जाई आणि घरी उपासमार होई. कुकने १८३३ च्या पहिल्याच दिवशी मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली आणि व्यसनमुक्तीच्या प्रचाराला स्वतःला वाहून घेतले. लोकांना केवळ ‘दारू सोडा’ म्हणून भागत नाही. सुटीचा रिकामा दिवस आनंदात घालविण्याचे दुसरे साधन त्यांच्या हाती द्यावे लागते, हे त्याने ओळखले होते. ९ जून १८४१ रोजी तो एका मद्यबंदी सभेसाठी हार्बरोहून लेस्टरला पायी निघाला. अंतर सुमारे पंधरा मैल. वाटेत किबवर्थ गावाजवळ त्याच्या मनात विचार आला, की नव्यानेच सुरू झालेली आगगाडी या कामी लावली तर? त्याच वर्षीच्या ५ जुलै रोजी सुमारे ५०० माणसे लेस्टरहून लफबरोला व्यसनमुक्तीच्या मेळाव्यासाठी खास गाडीने गेली. दर माणशी एक शिलिंग. ज्यांनी तोवर आपल्या गावाची वेस क्वचितच ओलांडली होती, अशा कष्टकऱ्यांना प्रवासाचा आनंद परवडला.

पुढे या उपक्रमातून जगभर पसरलेली प्रवासी संस्था उभी राहिली. १८८१ मध्ये तिची शाखा मुंबईत उघडली. मूळची ब्रिटिश संस्था सप्टेंबर २०१९ मध्ये कर्जाच्या भाराखाली कोसळली, तेव्हा जगभरातील वृत्तपत्रांत तो आर्थिक वार्तेचा विषय झाला. तिची सुरुवात नफ्याच्या हिशेबातून नव्हे, तर एका प्रतिज्ञेतून झाली होती, याची आठवण त्या गदारोळात किती जणांना झाली असेल?

कुकच्या पायवाटेवर निघण्यापूर्वी गावातील आणखी एक इमारत पाहण्यासारखी आहे. चर्चच्या मागे लाल विटांचा एक भव्य कारखाना उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिमिंग्टन कुटुंबाने तो कंबरपट्ट्यांसारख्या घट्ट स्त्रीवस्त्रांच्या उत्पादनासाठी बांधला आणि गावातील असंख्य स्त्रियांना त्यात काम मिळाले. १९०८ मध्ये याच कंपनीने मुलांसाठी ‘लिबर्टी बॉडिस’ हे मऊ, मोकळे अंतर्वस्त्र बाजारात आणले. आवळून बांधणाऱ्यांनीच मोकळे करणारे वस्त्र विकावे, हा काळाचा महिमा. त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या शाखेने वाटाण्याच्या पिठाचा धंदा नावारूपाला आणला. आज या कारखान्यात नगरपरिषदेचे कार्यालय, ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. यंत्रांच्या खडखडाटाच्या जागी मुले पुस्तके चाळतात. इमारत पाडून नवी बांधण्यापेक्षा जुनीला नवे काम देण्याची ही रीत अपरिग्रही मनाला भावते. हाय स्ट्रीटवरील दानदुकानेही त्याच वृत्तीची. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे, पुस्तके आणि भांडी तेथे स्वस्तात विकली जातात आणि येणारा पैसा लोककार्याला जातो.

शाकाहारी प्रवाशाने येथे काही गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे बसते, म्हणून केक, बिस्किटे आणि सॉस घेताना घटकांची यादी वाचावीच लागते. ‘व्हेगन’ खूण असलेल्या पदार्थात अंडे, दूध आणि मध नसतात, तथापि कांदा, लसूण व बटाटा असू शकतो. स्टिल्टन हे प्रसिद्ध चीज केवळ लेस्टरशायर, डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच करता येते. परंतु चीजसाठी दूध विरजताना परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य वापरले जाते, म्हणून शाकाहारी असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहूनच ते घ्यावे. मऊ गोळ्यांत बहुधा प्राणिज जिलेटिन असते. बाजारात ताजी फळे, पाव आणि सुका मेवा विपुल मिळतो. जैन पद्धतीचे साग्रसंगीत भोजन मात्र लेस्टरच्या बेलग्रेव्ह रस्त्यावरील गुजराती भोजनगृहांत शोधावे.

मार्केट हार्बरोच्या भूमीत आणखी एक आठवण पुरलेली आहे आणि ती पाहुण्याला लेस्टरपर्यंत घेऊन जाते. १४ जून १६४५ रोजी येथून जवळच असलेल्या नेझबी येथे राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्या सैन्यांत निर्णायक लढाई झाली. राजाचा पराभव झाला आणि पकडलेल्या शिपायांना सेंट डायोनिसियस चर्चमध्ये कोंडण्यात आले. त्याच दिवशी संसदेचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याने हार्बरोहून विजयाची वार्ता कळविणारे पत्र संसदेच्या सभापतीला लिहिले. त्या पत्रात एक आर्जव होते : ज्यांनी देशाच्या स्वातंत्र्यासाठी प्राण पणाला लावले, त्यांना आपल्या श्रद्धेनुसार उपासना करण्याचे स्वातंत्र्य मिळावे. हाच क्रॉमवेल चार वर्षांनी आयर्लंडमध्ये निष्ठुर संहाराला कारण झाला, हे विसरता येत नाही. पण त्या पत्रातील मागणी त्याच्याहून मोठी होती. राजमान्य चर्चपासून वेगळे राहून आपल्या मंडळीचा कारभार आपणच पाहणारे जे पंथीय त्याच्या सैन्यात होते, त्यांच्या परंपरेतून पुढे ‘काँग्रिगेशनल’ चर्च गावोगावी उभी राहिली.

लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिर हे पूर्वी अशाच एका काँग्रिगेशनल पंथाचे चर्च होते. सौराष्ट्र-कच्छातून व्यापारासाठी पूर्व आफ्रिकेत गेलेल्या आणि तेथून उखडल्या गेलेल्या जैन कुटुंबांनी ते विकत घेतले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा लेस्टर नगरपरिषदेने ‘युगांडा आर्गस’ या तेथील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे त्यांना सुचविले होते. लोक तरीही आले. त्यांनी बंद पडलेली दुकाने उघडली, रात्रंदिवस कष्ट केले आणि शहराच्या व्यापारात प्राण ओतला. ज्या शहराने दार लोटून घेतले होते, तेच शहर आज त्यांच्या आगमनाचा अभिमान बाळगते.

१९८८ मध्ये या मंदिरात प्रतिष्ठा महोत्सव झाला. बाहेरून शुभ्र संगमरवरी दर्शनी भाग, आत भारतात घडविलेले नक्षीदार पाषाणस्तंभ आणि गाभाऱ्यात मूलनायक श्री शांतिनाथ भगवान. परंतु महाराष्ट्रातील जैन वाचकाला सर्वांत हृद्य वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. या एकाच वास्तूत श्वेतांबर देरासर आहे, दिगंबर मंदिर आहे, गुरु गौतमस्वामींचे मंदिर आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिरही आहे. मायदेशात तीर्थक्षेत्रांच्या मालकीवरून आपले संप्रदाय पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत आले आहेत. परदेशात, जेथे माणसे थोडी आणि साधने मर्यादित होती, तेथे त्यांना एका छपराखाली नांदणे साधले. अनेकांताचा उच्चार प्रत्येक प्रवचनात होतो. त्याचा असा बांधलेला, राबता नमुना क्वचितच पाहायला मिळतो.

लेस्टरला जाणाऱ्या कुटुंबाने शक्य तर मंगळवार निवडावा आणि सकाळी हार्बरोला उतरावे. मुलांना जुन्या शाळेच्या खांबांमध्ये उभे करून वरच्या दालनाकडे बोट दाखवावे आणि बाजारकऱ्यांच्या डोक्यावर छत असावे म्हणून जमिनीवरून उचललेल्या शाळेची गोष्ट सांगावी. दुपारच्या गाडीने लेस्टर गाठावे आणि सायंकाळच्या आरतीपूर्वी मंदिरातील पाचही स्थानांचे दर्शन घ्यावे. आपल्या गावी नवे मंदिर, नवे सभागृह किंवा नवी शाळा बांधण्याचा विषय निघेल, तेव्हा त्या मुलांपैकी एखाद्याने विचारावे, की हिच्या छपराखाली आणखी कोणाला उभे राहता येईल?